इनूविकचं पेट्रोल : डेम्पस्टर हायवेवरचे सात दिवस

मनाली–लेह केलेल्यांना तांडीचा पंप आठवत असेल. 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही तिथली पाटी, आणि पाटीपुढे उभं राहून फोटो काढणारे बुलेटवाले. कॅनडाच्या युकॉन टेरिटरीत डेम्पस्टर हायवे ज्या तिठ्यावर सुरू होतो, तिथून पहिला भरवशाचा पंप ३६९ किलोमीटरवर आहे. आकडा जवळपास तोच, पण इथे त्या पंपावर प्रवास निम्माच झालेला असतो. पुढे हायवेच्या टोकाचं गाव इनूविक आणखी ३६८ किलोमीटर, वाटेत पूल नसलेल्या दोन नद्या. एकूण ७३७ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून नागपूरला जायचं, सुरुवातीचे काही किलोमीटर सोडले तर सगळं खडी-मुरमावरून, आणि अकोल्याच्या अलीकडे कुठेतरी एकच भरवशाचा पंप.

शब्दाचा एक घोळ आधीच मिटवू. कॅनडात पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. इनूविकमध्ये घरं तापवायलाही गॅस जळतो आणि तो अगदी वेगळा. म्हणून इथे पेट्रोल म्हणजे पेट्रोल, गॅस म्हणजे गॅस. डॉलर म्हणजे कॅनडाचा डॉलर.

हंगाम मधला जून ते सप्टेंबरची सुरुवात. कॅल्गरी-एडमंटनकडची मराठी मंडळी स्वतःची गाडी घेऊन वर येतात. बाकीच्यांनी युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्सला गाडी भाड्याने घेताना डेम्पस्टरवर न्यायची परवानगी करारात लिहिलेली आहे का, ते पाहावं. बऱ्याच भाडेकरारांत खडीच्या रस्त्याला मनाई असते आणि काच फुटली की ती ओळ महाग पडते.

आदला दिवस : व्हाइटहॉर्स

आधी हिशेब. ५५ लिटरची टाकी असलेली मध्यम एसयूव्ही धरू. डांबरी रस्त्यावर ती लिटरला ११-१२ देते. डेम्पस्टरवर ताशी ७०-८० ने, रस्ता कोरडा असताना ९ धरावं. पाऊस पडला की साडेसात. धूळ बसावी म्हणून या रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात. ओलं झालं की त्याचा साबणासारखा चिखल होतो, चाकं घसरत फिरतात आणि मडगार्डच्या आत मणभर गाळ बसतो.

डॉसन सिटी ते ईगल प्लेन्स ४०९ किलोमीटर, कारण डॉसनपासून तिठ्यापर्यंतचे ४० त्यात येतात. ९ च्या अ‍ॅव्हरेजने ४५ लिटर. साडेसातच्या अ‍ॅव्हरेजने साडेचोपन्न, म्हणजे टाकीचा तळ. पिकअप असेल तर ७० लिटरच्या पुढेच जातं. म्हणून २० लिटरचा एक कॅन घ्यायचाच.

कॅन पेट्रोलला लाल, डिझेलला पिवळा, प्रमाणित शिक्का असलेला. भरताना तो गाडीच्या हौद्यात ठेवून भरायचा नाही. जमिनीवर उतरवायचा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून ठेवायचं. प्लास्टिकच्या लायनरवर किंवा सतरंजीवर ठेवलेल्या कॅनमध्ये स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडू शकते. गळ्यापर्यंत भरू नये, १९ लिटरला थांबावं. पेट्रोल दर अंश सेल्सियसला हजारात साधारण एक भाग फुगतं. सकाळी ५ अंशात भरलेले २० लिटर दुपारी उन्हात २५ अंशांवर गेले की जवळजवळ दोन पेले वाढतात, आणि त्यांना जागा लागते.

इथे मिळणाऱ्या कॅनची 'न सांडणारी' तोटी हा एक वैताग आहे. स्प्रिंग दाबून धरावी लागते, थंडीत बोटं बधिरतात आणि २० लिटर ओतायला दहा मिनिटं जातात. तांब्याच्या झडपेची, हलवून चालू करायची सायफन नळी घेतली तर तेच काम दोन-तीन मिनिटांत होतं. कॅन गाडीच्या आत ठेवू नये. टपावर किंवा मागच्या रॅकवर रॅचेट पट्ट्याने आवळून, खाली जुन्या टायरच्या रबराचा तुकडा घालून ठेवावा. हा तुकडा विसरला की दिवसभराच्या थरथरीत रॅकची कड प्लास्टिक घासत राहते आणि संध्याकाळी कॅनच्या कोपऱ्याला केसाएवढी चीर दिसते. वासाने कळतं. तोवर पाच-सात लिटर गेलेले असतात.

टायरचं पेट्रोलशी वाकडं आहे. हवा थोडी कमी ठेवली तर अणकुचीदार दगड पोटात घेतला जातो, पंक्चर कमी होतात, पण अ‍ॅव्हरेज पडतं. हवा जास्त ठेवली तर उलट. या रस्त्यावर पेट्रोल जाऊ द्यावं, टायर वाचवावा. दोन पूर्ण मापाच्या स्टेपन्या, जाड थरांचे ट्रकच्या जातीचे टायर, प्लग मारायचं किट आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, एवढं घ्यावं. कारखान्यातून येणारी ती बारीक तात्पुरती स्टेपनी इथे शोभेची वस्तू आहे.

दिवस पहिला : व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी, ५३३ किलोमीटर

डांबरी रस्ता, फारसं लिहिण्यासारखं नाही. कार्मॅक्स सुमारे १८० व्या आणि पेली क्रॉसिंग सुमारे २८५ व्या किलोमीटरला, दोन्हीकडे पंप. इथपर्यंत भाव सुसह्य असतो.

कार्मॅक्सच्या पुढे फाइव्ह फिंगर रॅपिड्स वरून दिसतात. १९५० च्या दशकापर्यंत व्हाइटहॉर्स–डॉसन वाहतूक याच युकॉन नदीतून आगबोटींनी चाले. त्यांचं इंधन लाकूड. काठाकाठाने लाकूडतोड्यांचे तळ होते, बोट थांबे, ओंडके चढवी आणि पुढे जाई. इंधन प्रवासात वाटेवरच तयार मिळण्याची या भागातली ती शेवटची सोय.

डॉसनला पोहोचल्यावर संध्याकाळीच टाकी आणि कॅन दोन्ही फुल करायचे. सकाळवर ढकलू नये. तिठ्यावर पेट्रोल मिळेल असं कोणी सांगितलं तरी त्यावर विसंबू नये, तिथला पंप कधी चालू असतो, कधी नाही.

दिवस दुसरा : डॉसन ते ईगल प्लेन्स, ४०९ किलोमीटर

सात वाजता निघायचं. तिठ्यावर मीटर शून्यावर आणायचा, कारण पुढची प्रत्येक खूण याच किलोमीटरने सांगतात. ७१ वर टूमस्टोन पार्कचं माहिती केंद्र. रस्त्याची ताजी अवस्था, फेरीबोटींची स्थिती आणि वणवे यांची चौकशी इथे करून घ्यावी, कारण पुढे मोबाईलला रेंज नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र असेल तर ते आता चालू करायचं.

८२ च्या आसपास नॉर्थ फोर्क खिंड. झाडं संपतात, लाल-पिवळा टुंड्रा सुरू होतो. रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा हातभर नव्हे, पुरुषभर उंच का, असा प्रश्न पडतो. खालची जमीन बारमाही गोठलेली आहे. तिच्यावर सरळ रस्ता केला तर उन्हाळ्यात ती वितळून खचते. म्हणून १.२ ते २.४ मीटर जाडीचा खडीचा थर आधी पांघरुणासारखा घातला आहे. हे पांघरूण दरवर्षी ठिकठिकाणी बसतं आणि दरवर्षी त्यावर भर घालावी लागते. इनूविकला जाणारा प्रत्येक टँकर या उंच भरावावरून जातो. कडेला बाजू घेताना चाक मऊ भागात गेलं की कलंडायला वेळ लागत नाही, म्हणून भरलेले टँकर हळू चालतात आणि मधोमध चालतात. समोरून टँकर दिसला की वेग कमी करून बाजूला थांबावं. काच वाचते.

१९३ ला एंजिनियर क्रीक. लोह आणि गंधक असलेलं लालसर पाणी. इथून ऑगिल्व्ही नदीच्या काठाने जाणाऱ्या पट्ट्यात पाटीदार शेल दगड पसरलेला असतो आणि त्याच्या कडा कोयत्यासारख्या. पंक्चर व्हायचं तर इथेच होतं. वेग ६० वर आणायचा, ब्रेक दाबत घसरत थांबायचं नाही. फिरतं चाक दगडावरून जातं, घसरतं चाक त्यावर कापलं जातं.

२४५ च्या पुढे रस्ता नदी सोडून डोंगराच्या सोंडेवर चढतो. या चढावर पेट्रोलचा काटा भराभर खाली येतो. काही तो चढाच्या कलामुळे, काही खरोखर. वर २५९ ला ऑगिल्व्ही रिजचा नजारा आहे. तिथे सपाटीवर गाडी उभी करून, दोन मिनिटं थांबून मग काटा वाचायचा. पाव टाकीपेक्षा कमी असेल तर कॅन इथेच ओतायचा. ११० किलोमीटर बाकी आहेत, आणि काटा तळाला गेल्यावर भर रस्त्यात, ट्रकच्या धुळीत ओतण्यापेक्षा इथला प्रशस्त थांबा बरा. ओतण्याआधी टाकीच्या झाकणाभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

३६९, ईगल प्लेन्स. हॉटेल, पंप, टायर दुरुस्तीचं गॅरेज आणि रस्ता खात्याचा तळ, एवढंच गाव. भाव बघून बरेच जण कुरकुरतात. जरा पंपामागे कान द्यावा, जनरेटरचा आवाज येतो. इथे विजेची तार येत नाही. हॉटेलचे दिवे, फ्रीज, पाणी खेचणारा पंप आणि खुद्द पेट्रोलचा पंप हे सगळं डिझेल जाळून, रात्रंदिवस चालतं. ते डिझेलही आपण आलो त्याच रस्त्याने आलेलं. म्हणजे इथे विकलेल्या प्रत्येक लिटरवर, तो विकता यावा म्हणून जाळलेल्या डिझेलचा भार असतो. शिवाय चार महिने पर्यटक आणि आठ महिने तुरळक ट्रक एवढंच गिऱ्हाईक.

इथे टाकी फुल करायचीच. 'पुढे स्वस्त मिळेल' म्हणून अर्धी भरणारे असतात. सगळा हिशेब मांडला तर सात दिवसांच्या या प्रवासाला सुमारे २५० लिटर लागतात आणि त्यातले १६० च्या आसपास ईगल प्लेन्स आणि इनूविकला घेतले जातात. समजा तिथे लिटरमागे ५० सेंट जास्त गेले, तर फरक ८० डॉलरचा. त्यात एक चांगला टायरही येत नाही. मध्येच पेट्रोल संपून मदतीची गाडी बोलवावी लागली तर तिचं बिल शेकड्यांत नाही, हजारांत.

दिवस तिसरा : ईगल प्लेन्स ते इनूविक, ३६८ किलोमीटर

४०५ ला उत्तर ध्रुववृत्त. पाटी, फोटो, डास. पुढे रिचर्डसन डोंगरांच्या पायथ्याचा पट्टा ट्रकवाल्यांमध्ये 'हरिकेन अ‍ॅली' म्हणून प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात इथे वाऱ्याने बर्फ उडून रस्ता बंद होतो आणि ईगल प्लेन्सचं फाटक लागतं. उन्हाळ्यात समोरच्या वाऱ्याने फक्त अ‍ॅव्हरेज पडतं, लिटरमागे किलोमीटर-दीड किलोमीटर.

४६५ ला युकॉन संपून नॉर्थवेस्ट टेरिटरीज सुरू होतात आणि उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. किलोमीटरचे दगडही पुन्हा शून्यापासून. घड्याळाचं महत्त्व फेरीबोटीसाठी: तिची वेळ या नव्या घड्याळाने, सकाळी नऊ-साडेनऊ ते मध्यरात्रीनंतर पाऊण वाजेपर्यंत.

हद्दीपासून ७४ किलोमीटरवर पील नदी. दाभोळ–धोपाव्याच्या फेरीबोटीत गाडी घातली असेल त्याला इथे नवं काही नाही. सपाट बोट, पुढचा फळा खाली पडतो, खलाशी हाताने खुणा करून गाड्या लावतो, पैसे मात्र पडत नाहीत. ही बोट नदीवर आडव्या टाकलेल्या पोलादी दोरावर चालते. काठाला धक्का नाही, खडी लोटून केलेला उतार असतो आणि पाणी वरखाली झालं की बुलडोझरने तो हलवावा लागतो. वरच्या डोंगरात पाऊस झाला की पाणी चढतं, ओंडके वाहत येतात, उतार वाहून जातो आणि बोट काही तास किंवा काही दिवस बंद. तेव्हा काठावर उभ्या ट्रकांची रांग पाहिली की इनूविकच्या भावाचं गणित बरंचसं कळतं. रांगेतल्या टँकरचं डिझेल जळत नाही, पण ड्रायव्हरचा पगार, गाडीचा हप्ता आणि विमा चालूच असतो.

नदीपलीकडे थोड्याच अंतरावर फोर्ट मॅकफर्सन. ग्विचिन लोकांचं गाव, पंप आहे, पण वेळा मर्यादित. रविवारी किंवा संध्याकाळी मिळेल असं धरू नये. चर्चजवळ चार पोलिसांच्या कबरी आहेत. १९१०-११ च्या हिवाळ्यात इन्स्पेक्टर फिट्झजेराल्डची तुकडी इथून कुत्र्यांच्या गाड्यांनी डॉसनला निघाली. विक्रमी वेळात पोहोचायचं म्हणून शिधा कमी घेतला होता. वाट चुकली, परत फिरले, एकेक करून कुत्रे मारून खाल्ले, आणि गावापासून फार दूर नसताना चौघेही गेले. त्यांना शोधून काढणाऱ्या डेम्पस्टरचं नाव या हायवेला आहे. रस्ता पूर्ण होऊन खुला झाला तो ऑगस्ट १९७९ मध्ये.

हद्दीपासून १४२ व्या किलोमीटरला मॅकेंझी नदी. ही बोट त्रिकोणात फिरते: हा काठ, तो काठ आणि मध्ये त्सिगेचिक गाव. कुठे जायचं ते चढताना सांगावं, नाहीतर गावात उतरून बसाल. पुढे इनूविकपर्यंत रस्ता बराचसा सरळ, झुडपांमधून.

दोन्ही बोटी साधारण जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चालतात. डिसेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत नदी गोठते आणि बर्फावरून गाड्या जातात. सुरुवातीला फक्त हलक्या, मग बर्फाची जाडी मोजत मोजत वजनाची मर्यादा वाढवत नेतात. भरलेला टँकर सगळ्यात शेवटी. मधले दोन काळ, नदी गोठताना आणि फुटताना, बोट नाही आणि बर्फही नाही. प्रत्येक वेळी काही आठवडे. त्या काळात इनूविकला रस्ता नाही. हे लक्षात ठेवून उद्याच्या पंपावर उभं राहायचं.

दिवस चौथा : इनूविक

वस्ती सुमारे ३,१००. १९५० च्या दशकात, पुराने सतत बुडणाऱ्या अक्लाविकला पर्याय म्हणून सरकारने वसवलेलं गाव. इमारती खांबांवर, पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ जमिनीवरून पेटाऱ्यांतून नेलेले, कारण खाली बर्फ. त्याच कारणाने इंधनाच्या टाक्याही सहसा पुरलेल्या नसतात, वर उघड्यावर उभ्या असतात.

पंपावर गेल्यावर भावाच्या आधी एक चिकटपट्टी शोधायची: 'घनफळ १५ अंश सेल्सियसला दुरुस्त केलेलं'. आपल्याकडे पंपावर रोजची डेन्सिटी लिहिलेली असते, पण लिटर मोजला जातो तो आहे त्या तापमानाचा. कॅनडात बहुतेक पंप तापमान मोजतात आणि लिटर १५ अंशांवर असता तर किती भरला असता, त्याचे पैसे लावतात. जुलैत फरक नगण्य. जानेवारीत उघड्यावरच्या टाकीतलं पेट्रोल उणे ३० वर असताना ते आक्रसलेलं, दाट असतं. गाडीत प्रत्यक्ष ५० लिटर गेले की मीटर ५२ च्या आसपास दाखवतो. टाकीच्या क्षमतेपेक्षा मीटर जास्त दाखवतो म्हणून नवा माणूस भांडायला उभा राहतो. फसवणूक नाही. दाट पेट्रोलात उष्णता तेवढीच जास्त असते. पण 'लिटरला किती देते' हा हिशेब मीटरवरून केला तर हिवाळ्यात गाडी आहे त्याहून वाईट दिसते.

आता भाव. लोक पहिलं कारण अंतराचं देतात. ते तपासून पाहू. व्हाइटहॉर्स ते इनूविक सुमारे १,२३० किलोमीटर. दोन टाक्या जोडलेल्या मोठ्या टँकरमध्ये ५५ ते ६० हजार लिटर मावतात. जाताना १०० किलोमीटरला ५० लिटर आणि रिकामा परतताना ४० धरले, तर टँकर स्वतः ११०० लिटर जाळतो. नेलेल्या मालाच्या दोन टक्के. ड्रायव्हर, टायर, घसारा, विमा सगळं मिळून समजा किलोमीटरला साडेतीन डॉलर पडले, तर येण्याजाण्याचे साडेआठ हजार, म्हणजे लिटरमागे १५ सेंट. रक्कम लहान नाही, पण इनूविकची महागाई एवढ्याने भरून निघत नाही.

करानेही निघत नाही. पेट्रोलवर टेरिटरीचा कर लिटरला १०.७ सेंट, केंद्राचा अबकारी कर १०, वर ५ टक्के जीएसटी. टेरिटरीचा वेगळा विक्रीकर नाही. जीएसटी सोडला तर हे कर लिटरमागे ठरावीक रकमेचे आहेत, भाव वाढला म्हणून वाढत नाहीत. पेट्रोलवर लिटरला १७.६ सेंटपर्यंत चढलेला कार्बन कर १ एप्रिल २०२५ पासून शून्य झाला आहे.

उरलेलं कारण खपाचं आणि थांबण्याचं. समजा पंप, टाक्या, माणसं, तपासण्या, विमा यांचा रोजचा स्थिर खर्च १,५०० डॉलर आहे. शहरातला पंप दिवसाला १५,००० लिटर विकतो, त्याला लिटरमागे १० सेंट पडतात. ३,००० लिटर विकणाऱ्याला ५० सेंट. पेट्रोल तेच, नोझल तेच. त्यात वर्षातून दोनदा रस्ता तुटणार म्हणून आठ-दहा आठवड्यांचा साठा मावेल एवढ्या टाक्या बांधून ठेवाव्या लागतात, ज्या एरवी अर्ध्या रिकाम्या. साठ्यात अडकलेल्या पैशाचं व्याज वेगळं. म्हणूनच बाहेर भाव उतरले तरी इथला आकडा आठवडेच्या आठवडे हलत नाही: विकला जात असतो तो जुन्या भावाने भरलेला साठा. चढताना मात्र लगेच चढतो, असं गावकरी म्हणतात. माझ्या मते ही तक्रार अर्धीच खरी आहे. वाढ आठवते, घट आठवत नाही. पण विक्रेते मोजकेच असताना संशय राहणारच.

गाडीपेक्षा घर जास्त इंधन खातं, आणि इनूविकची खरी कहाणी तिथे आहे. १९९९ पासून गावाला पन्नासेक किलोमीटरवरच्या इखिल विहिरींचा नैसर्गिक वायू मिळत होता. २०१२ च्या सुमारास विहिरीत पाणी शिरलं आणि पुरवठा आटला. गावातलं नळांचं जाळं तेच ठेवून त्यात प्रोपेन आणि हवेचं मिश्रण सोडायला लागले. ते प्रोपेन ट्रकने येतं. वीजकेंद्रासाठी द्रवरूप वायू व्हँकुव्हरजवळच्या डेल्टाहून येतो, साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर, त्याच दोन फेरीबोटींवरून. २०२३ मध्ये गावाजवळ साडेतीन मेगावॉटची एकच मोठी पवनचक्की उभी राहिली. तिने वर्षाला सुमारे ३० लाख लिटर डिझेल वाचावं, अशी अपेक्षा आहे.

रहिवाशांना आयकरात सवलत आहे. अति-उत्तर विभागात राहणाऱ्याला दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर उत्पन्नातून वजा करता येतात. ती उत्पन्नातून वजावट आहे, हातात पडणारे २२ डॉलर नव्हेत, हे नव्याने नोकरीला येणाऱ्यांनी समजून घ्यावं.

प्रवाशासाठी एवढंच: टाकी आज संध्याकाळी फुल करावी, आणि खिशात रोख ठेवावी. नेटवर्क गेलं की कार्डाचं यंत्र मुकं होतं. कार्ड चालतं तेव्हाही पंप आधी शे-दोनशे डॉलर अडवून ठेवतो आणि ते सुटायला काही दिवस लागतात. मर्यादा कमी असलेलं कार्ड दोन-तीन पंपांत अडकतं.

दिवस पाचवा : टुक्टोयाक्टुक आणि परत, सुमारे ३०० किलोमीटर

इनूविकच्या पुढचा हा रस्ता १५ नोव्हेंबर २०१७ ला खुला झाला. त्याआधी टुकला रस्ता फक्त हिवाळ्यात, बर्फावरून. वाटेत एकही पंप नाही. पाऊस झाला की मुरमाखालची चिकणमाती वर येते आणि अ‍ॅव्हरेज आठवर. तरी एका टाकीत जाऊन येता येतं. टुकमध्ये पेट्रोल मिळतं, पण त्या भरवशावर निघू नये.

गावाजवळ पिंगो दिसतात, आत बर्फाचा गाभा असलेल्या टेकड्या. इबयुक त्यातला सर्वांत उंच, जवळजवळ ५० मीटर. मग गाव, आणि आर्क्टिक समुद्र.

किनाऱ्यावर बार्ज लागलेल्या दिसल्या तर थांबून पाहाव्यात. गोव्यात मांडवीतून खनिज नेणाऱ्या बार्ज पाहिलेल्या माणसाला ओळखीच्या वाटतील. ग्रेट स्लेव्ह सरोवरावरच्या हे रिव्हरहून मॅकेंझीतून त्या खाली येतात आणि रस्ता नसलेल्या वस्त्यांना वर्षाचं इंधन एका उन्हाळ्यात पोहोचवतात. वर्षातून एकदाच येणारं डिझेल हिवाळ्यालाही चालायला हवं, म्हणून ते उणे ५० पर्यंत वाहतं राहणारं, 'पी-५०' जातीचं. साधं उन्हाळी डिझेल थंडीत मेणासारखं साखळतं आणि फिल्टर बंद करतं. हे पातळ डिझेल महाग, आणि लिटरमागे उष्णता थोडी कमी. एकदा आलेल्या साठ्याचा भाव पुढची बार्ज येईपर्यंत बहुधा तोच. तेजीच्या महिन्यात खरेदी झाली तर गाव वर्षभर तेजी भरतं.

नदीवरचा हा भरवसाही आता डळमळीत आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात मॅकेंझीचं पाणी इतकं उतरलं की नॉर्मन वेल्सच्या बार्ज रद्द झाल्या आणि इंधन विमानाने आणावं लागलं. नॉर्मन वेल्स म्हणजे १९२० पासून तेल निघतं ते गाव. तिथली रिफायनरी १९९६ मध्ये बंद झाली, कच्चं तेल १९८५ पासून नळाने अल्बर्टाकडे जातं. टुकची गतही फार निराळी नाही: शेजारीच एम-१८ ही वायूची विहीर आहे, २००० च्या दशकाच्या सुरुवातीला खणलेली. तीच उघडून स्थानिक वायू आणि डिझेल करण्याचा इनुव्हियालुइट या इथल्या मूळ रहिवाशांच्या संस्थेचा प्रकल्प आहे.

दिवस सहावा आणि सातवा : परत

इनूविक सोडण्याआधी फेरीबोटींची स्थिती सरकारी रस्ता-माहितीच्या फोनवर विचारायची. पील बंद असेल तर इनूविकमध्येच थांबावं. फोर्ट मॅकफर्सनला जाऊन अडकलं तर खोली मिळणं अवघड. पाणी मारायच्या नळीने रेडिएटरची जाळी आणि चाकांच्या आतला चिखल धुवायचा. एका बाजूला बसलेल्या गाळाने चाक थरथरतं आणि लोक उगाच स्टिअरिंग उघडायला निघतात. एअर फिल्टर काढून झटकायचा, पाण्याने धुवायचा नाही.

सहाव्या दिवशी ईगल प्लेन्स, पुन्हा फुल. सातव्या दिवशी ४०९ किलोमीटर उलट, या वेळी ऑगिल्व्हीची सोंड उतरायची असल्याने तीन-चार लिटर कमी. डॉसनला पोहोचून कॅन न उघडलेला राहिला असेल तर ते पेट्रोल तिथेच गाडीत ओतून टाकावं, परतीच्या डांबरी रस्त्यावर त्याचं काम नाही. कॅन झाकण काढून उघड्यावर, सावलीत, रात्रभर ठेवावा. वास गेला की मगच गाडीच्या आत. विमानाने परतणाऱ्यांनी तो सोबत नेण्याचा विचारच करू नये, एकदा पेट्रोल भरलेला कॅन रिकामा असला तरी विमानात घेत नाहीत. कॅम्पच्या जागेवर वर जायला निघालेली एखादी गाडी असतेच. तिला द्यावा, रबराच्या तुकड्यासकट.